पात्रे सुटी मिळतील

“आजोबा, हेइहाची मेला होता ना, तो वापस आला. फक्त पैसे भरा लागते.”

मे महिन्यातली दुपार, चंद्रपूरचं ऊन, आणि कूलरसमोर बनियनवर बसलेले अस्मादिक. अशा अवस्थेत कुणी मयत माणूस परत आल्याची बातमी दिली की पहिला विचार आपल्या नातेवाइकांचाच येतो. आमच्याकडचे दोन-तीन मयत तर असे आहेत की ते परत येऊ नयेत म्हणून मी पैसे भरायला तयार आहे. पण हेइहाची आमच्या गोत्रातला निघाला नाही. ‘टेक्केन’ नावाचा मारामारीचा एक खेळ आहे, त्यातला हा जपानी म्हातारा. २०१७ साली घरोघर आलेल्या ‘टेक्केन ७’मध्ये त्याच्या पोटच्या पोरानेच त्याला लाव्ह्यात लोटून दिलं. २०२४ च्या जानेवारीत ‘टेक्केन ८’ आला, त्यात अर्थातच तो नव्हता. मग त्याच वर्षी ऑक्टोबरात तो सुटा विकायला आला. आपल्या गरुडपुराणात मेल्यानंतरच्या प्रवासाची एवढी तपशीलवार माहिती आहे, पण परतीच्या तिकिटाचा दर काही दिलेला नाही.

नातवाची मागणी मात्र एकट्या हेइहाचीची नव्हती. त्याला अख्खा पॅक हवा होता. चार पात्रं, वर्षभराची वर्गणी, चार आकडी रक्कम. “एकेक घेतलं तर महाग पडते, आजोबा. पॅकमध्ये स्वस्त आहे.”

हे वाक्य मी आयुष्यभर आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून ऐकत आलो आहे. त्या स्वस्ताईपायी आमच्या माळ्यावर स्टीलचे सहा डबे आहेत, पैकी एकात पोहे आहेत आणि पाचांत पुढचे डबे आहेत.

वाचकहो, माझा मारामारीला विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नाटकाचं तिकीट काढलं की त्यात खलनायक आलाच पाहिजे. आम्ही झाडीपट्टीतली माणसं. दिवाळी झाली, धान कापून झालं की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, त्या होळीपर्यंत. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी रात्री दहाचं नाटक अकराला सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत चालतं. खुर्चीवर बसायचे पैसे जास्त, खाली सतरंजीवर कमी. हा भेद मला मान्य आहे, कारण तो पाठीचा प्रश्न आहे. पण सतरंजीवाल्याला कधी कुणी असं सांगितलं नाही, की “बाप्पा, तुझ्या तिकिटात नायक, नायिका आणि एक पोलीस एवढेच, पाटलाचं सोंग पाहायचं तर अमुक इतके आणखी टाक, तोवर डोळे मीट.” तसं कुणी म्हटलं असतं तर त्या रात्री खरी मारामारी झाली असती आणि ती सर्वांना फुकट पाहायला मिळाली असती!

गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका, असा त्यांचा हिशेब तेव्हा छापून आला होता. आठशे पात्रं आणि पॅक एकच! नातवाच्या कंपनीच्या दराने लावले तर एकट्या खुण्यांचं मोल करता करता जिल्हा बँक बसेल.

या खेळांत पोशाखही विकत मिळतात. टोप्या, चष्मे, कुठल्या तरी बाईचे निळे केस. ते खुशाल विकावेत. ज्याला हौस आहे त्याने घ्यावेत, निळ्या केसांनी ठोसा काही जोरात बसत नाही. खुर्ची आणि सतरंजीतलाच तो फरक आहे. पात्राची गोष्ट वेगळी. पात्र म्हणजे कुस्तीतला डाव आहे. समोरच्याजवळ जो डाव आहे तो मला शिकायलाच मिळणार नसेल, तर मी त्याच्यावर तोड काय काढणार? आमच्या शेजारचा पोरगा रोज संध्याकाळी नातवाशी खेळायला येतो. त्याच्या घरी हा खेळ आहे, पण पॅक घ्यायची ऐपत नाही. उद्या नातवाने चार नवे पैलवान आणले, तर त्या पोराने घरी सराव कुणाविरुद्ध करायचा? भिंतीविरुद्ध? माझा मूळ आक्षेप हा आहे, आणि तो पैशांचा नाही, असं मी सौभाग्यवतींना तीनदा सांगितलं.

आता यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट ऐका. नवं पात्र आलं की ते विकत घेणाऱ्याच्याच घरी जातं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ते सगळ्यांच्या घरी उतरतं! समोरच्याने ते घेतलेलं असेल तर आपल्या पडद्यावर ते दिसायला हवं, म्हणून न घेणाऱ्यालाही ते उतरवून घ्यावंच लागतं. आमच्या जिल्ह्यात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, त्याची राख आम्ही खातो आणि तरी उन्हाळ्यात दिवे जातातच. अशा विजेवर, रात्र रात्र जागून, आपलं इंटरनेट जाळून हा पाहुणा घरात घ्यायचा, आपल्या यंत्रात त्याला जागा द्यायची आणि त्याच्या खोलीची किल्ली मात्र दुकानदाराकडे. २०१२ साली तर ‘स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन’ या खेळाने कमालच केली. लोकांनी डबा विकत आणला, काही खटपट्या मंडळींनी तबकडी उघडून पाहिली, तर आत बारा पात्रं आधीपासूनच कुलूप लावून बसलेली! ती पुढे पैसे घेऊन सोडायची होती. लग्नाचं जेवण दिलं, पण वरणाच्या भांड्याला कुलूप, आणि किल्ली मागितली की यजमान म्हणतो, “ते वेगळं.” फार ओरड झाली, आणि ती रास्तच होती.

आणि आगाऊ वर्गणीचं काय? ‘टेक्केन ८’ निघाला तेव्हा वर्षभराच्या चार पात्रांचे पैसे घ्यायला सुरुवात झाली होती आणि नाव फक्त एकाचंच जाहीर होतं, एडी गोर्डो. बाकी तिघांची नावं पुढे वर्षभरात एकेक करून कळली. मुलगी न दाखवता साखरपुडा उरकायचा, तोही एकदम तिघींशी! इथे नातवाने माझी दुखरी नस पकडली. “आजोबा, तुम्ही दिवाळी अंकाचे पैसे श्रावणात भरता. आत कोण लिहिणार हाये, माहीत असते का तुम्हाला?” मी म्हटलं, माहीत असतं. दरवर्षी तेच लिहितात.

पोरगं वादाला पक्कं आहे. त्याचा दुसरा मुद्दा मला मान्य करावा लागला. तो म्हणाला, पूर्वी काय स्वस्ताई होती? ‘स्ट्रीट फायटर २’ आला १९९१ साली, आठ खेळाडू घेऊन. दुसऱ्या वर्षी त्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती, १९९३ साली ‘सुपर’ नावाने आणखी चार खेळाडू, आणि प्रत्येक वेळी घरी खेळणाऱ्याला कॅसेट अख्खी नवी घ्यावी लागे. आता निदान चौघांचेच पैसे पडतात. आणि वर्ष-वर्ष बसून जे हे बनवतात त्यांनी जेवायचं काय? हेही खरं. वडशाची नटमंडळी एका हंगामावर वर्ष काढतात, त्यांच्या मानधनात घासाघीस करणाऱ्या मंडळांना मी भर सभेत बोललो आहे. मेहनतीचे पैसे द्यावेत. पण मेहनत पाहून द्यावेत.

मग त्याने शंकरपट काढला. “ज्याच्याजवळ पैसे त्याचीच जोडी पटात पळते. मग तिथं टाळ्या कायले वाजवता?”

मी क्षणभर अडलो. पण बैल विकल्यावर महिन्याभराने परत येऊन त्याच्या गळ्यात लोढणं बांधून जाणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. इकडे नेमकं तेच चालतं. ‘टेक्केन ७’मध्ये २०१९ च्या डिसेंबरात लीरॉय स्मिथ नावाचं पात्र विकायला आलं. ते इतकं दांडगं होतं की पुढच्याच महिन्यात जपानमधल्या ‘एव्हो’ स्पर्धेत शेवटच्या आठांतले बहुतेक जण लीरॉयच घेऊन उतरले. लीरॉय विरुद्ध लीरॉय. झाडीपट्टीत नाटकात सगळेच राजे झाले तर भालदार कोण होणार? पुढे ओरड झाली तेव्हा त्याची ताकद उतरवली. दांडगा म्हणून ज्याने घेतला त्याच्या दावणीला आता मध्यम बैल!

तेव्हा माझा निकाल असा. पॅक घ्यायचा नाही. आगाऊ तर मुळीच नाही. नवं पात्र बाजारात आलं की दोन महिने दुसऱ्यांना खेळू द्यावं. तुम्ही नाही तरी ते मोबाइलवर पाहताच, जेवतानाही पाहता. तोपर्यंत त्याचं लोढणं काय ते बांधून होतं. मग खरोखर रोज खेळणार असाल तर एक, फक्त एक, सुटं घ्यावं. गेल्या वर्षी आमच्या घरी दुसऱ्या एका खेळाचा असाच पॅक आला होता. चारांपैकी तीन पात्रांना नातवाने अजून हातही लावलेला नाही. ते पाच डबे तसेच आहेत.

हा निकाल मी मोठ्या आवाजात दिला, कारण चिरंजीव नुकतेच ऑफिसातून आले होते आणि बापाचं मत त्यांच्याही कानावर जावं असं मला वाटत होतं. त्यांनी बूट काढले, पाणी प्यायले आणि विचारलं, “एडी आहे का रे त्यात?”

हा एडी त्यांना कुठे भेटला? तर जटपुरा गेटजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, ट्यूशनच्या वेळेत. ‘टेक्केन ३’च्या काळची गोष्ट आहे. तिथे सर्व पोरांना तेच खेळाडू आणि तेच दोन हँडल. जे छुपे खेळाडू असत ते खेळ जिंकत गेलं की उघडत, त्यासाठी कुणापुढे पाकीट उघडावं लागत नसे. त्यात हा ब्राझीलचा एडी सगळ्यांना मिळायचा. हातांवर उभा राहून नुसता पाय फिरवायचा, आणि बटणं कशीही बडवली तरी जिंकायचा. चिरंजीवांचा गणिताचा पेपर त्या वर्षी त्याच पद्धतीने सोडवलेला होता.

त्यांनी त्याच रात्री एकटा एडी सुटा घेतला. साडेदहाला मी पाणी प्यायला उठलो, तर बाप-लेक पडद्यासमोर मांडी घालून बसलेले, शेजारचा पोरगाही आलेला, आणि एडीचं हँडल तिघांत पाळीपाळीने फिरत होतं. मी काही बोललो नाही. पण एडीचे पैसे या घरातून पूर्वीच गेलेले आहेत, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, दोन-दोन रुपयांनी, खुंटीवरच्या माझ्या शर्टाच्या खिशातून.