बाराही महिने सारखे नसतात

जर्मनीला जाऊन नोकरी शोधायची असे ठरलेल्या घरात हल्ली एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: महिना 1,091 युरो, वर्षाचे 13,092. जर्मनीने 1 जून 2024 पासून ‘शान्सेनकार्टे’ सुरू केले. आपल्याकडे त्याला ऑपॉर्च्युनिटी कार्डच म्हणतात. हातात नोकरी नसताना वर्षभर तिथे राहून ती शोधायची ही परवानगी. राहण्याखाण्याची ऐपत दाखवण्यासाठी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचा खर्च आधीच भरतात आणि 2025 सालचा दर वर दिला तो. युरो शंभर रुपयांचा धरला तर तेरा लाख होतात. पीएफ, मोडलेली एफडी, थोडे सोने, नातेवाइकांकडून हातउसने अशी ती रक्कम एकदाची उभी राहिली की घर सुस्कारा सोडते. पैशांचे झाले, आता फक्त नोकरी बघायची!

पैशांचे झालेले नसते. व्हिसाची एक अट पुरी झालेली असते आणि अंदाजपत्रक अजून कोणी मांडलेलेच नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा आकडा खुद्द जर्मन सरकारचा, मग त्यावर शंका घेणारे आपण कोण? आकड्याशी माझे भांडण नाहीच. मध्यम शहरात घर लागलेल्या, सायकल घेतलेल्या, स्वस्त दुकाने ठाऊक झालेल्या एकट्या माणसाचा महिना त्यात निघतो. भांडण आहे ते त्या आकड्याच्या सारखेपणाशी. ब्लॉक्ड अकाउंट दर महिन्याला ठरलेला हप्ताच सोडते. पहिल्या महिन्यात गरज तिप्पट असली तरी तेवढाच. खर्च मात्र असा समान तुकड्यांनी येत नाही. घराचे डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे वगळून जे भाडे असते त्याच्या, तिपटीपर्यंत मागता येते. मूळ भाडे 500 असेल तर डिपॉझिट 1,500, शिवाय पहिल्या महिन्याचे भाडे. डिपॉझिट तीन हप्त्यांत देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे, पण दाराशी इच्छुकांची रांग असताना घरमालकाला कलम ऐकवणाऱ्याच्या हाती किल्ली पडणे कठीण.

आणि घर मिळेपर्यंत? घरमालक तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतो, ‘शूफा’ या संस्थेचा पतदाखला मागतो. नुकत्याच उतरलेल्या बेरोजगार माणसाकडे यातले काहीच नसते. मग तो महागडी फर्निश्ड खोली घेतो, नाहीतर होस्टेलवर राहतो. होस्टेल स्वस्त वाटते, पण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याची लेखी पावती लागते. होस्टेल किंवा सुट्टीसाठीची खोली देणारे ती सहसा देत नाहीत. नोंदणी नाही म्हणजे टॅक्स क्रमांक नाही आणि पुढची कागदांची साखळी तिथेच अडते. रिकामा फ्लॅट मिळालाच तर त्यात अनेकदा स्वयंपाकघराचा ओटा, शेगडी, सिंक यांपैकी काहीही नसते. आधीचा भाडेकरू ते उचकटून घेऊन गेलेला असतो. (आपल्याकडे लोक फार तर गीझर काढून नेतात.) हा सगळा खर्च पहिल्या दोन महिन्यांतला, आणि ब्लॉक्ड अकाउंट त्यातला थोडाच उचलू शकते.

दुसरा आक्षेप भाच्याच्या नावाने येतो: ‘आमचा भाचा आखेनला होता, सातशेत महिना काढायचा.’ काढत असेलही. तो विद्यार्थी होता. विद्यार्थ्याला वसतिगृहाची खोली मिळू शकते, सरकारी आरोग्य विमा सवलतीत मिळतो, अनेक विद्यापीठांत प्रवासाचा पास सत्राच्या शुल्कातच येतो. नोकरी शोधणारा यातल्या कशातच बसत नाही. त्याला साधारणपणे खासगी विमा घ्यावा लागतो, आणि सर्वांत स्वस्त पॉलिसीत जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात. प्रादेशिक रेल्वे आणि बसचा ‘डॉइचलांडटिकेट’ 2025 मध्ये महिना 58 युरोंचा होता. रेडिओ-दूरदर्शनचे शुल्क घरटी 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. म्युनिकात सामायिक घरातल्या एका खोलीलाच सातशे-आठशे जातात. भाच्याचा हिशेब भाच्यापुरता खरा होता. तो उसना घेऊन दुसऱ्याच माणसाच्या आयुष्यावर चढवणे हा आपल्या कुटुंबांचा जुना छंद आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, त्यावर थांबायला हवे. या कार्डावर आठवड्याला 20 तास काम करता येते. 2025 चे किमान वेतन तासाला 12.82 युरो होते, म्हणजे कपातीआधी महिना साधारण 1,100. ब्लॉक्ड अकाउंटच्या हप्त्याएवढेच! अशा अर्धवेळ कामाचा करार आधीच हातात असेल तर ऐपतीचा पुरावा म्हणून तोही दाखवता येतो. मग एवढी चिंता कशाला?

कारण हे पैसे ज्या तासांतून येतात ते तास शोधाचेच असतात. गोदामात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाच्या मुलाखतीला जर्मनमध्ये काय बोलणार? भाषा जेमतेम असेल तर काम मिळते ते पाकीट बांधण्याचे किंवा भांडी घासण्याचे. त्यात कमीपणा नाही, पण तिथे रोज बोलले जाणारे जर्मन पन्नास शब्दांत आटोपते. आठ महिने असे गेले की पैसे शिल्लक आणि वर्ष संपत आलेले. अर्धवेळ काम करावे, जरूर करावे, पण अंदाजपत्रकात त्याची जमा धरू नये. मिळालेच तर ती वरकड, आणि तिने भाषेच्या वर्गाची फी भरावी.

याच्या जोडीला एक समज पसरला आहे की तिकडे माणसांची टंचाई आहे, महिन्याभरात काम लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तो गावोगाव पोचला. टंचाई खरी आहे. पण परिचारिकेला तिथे परिचारिका म्हणून उभे राहायला व्यवसायाचा परवाना लागतो, त्याआधी पदवीची छाननी आणि भाषेची पातळी. टंचाई असलेल्या देशातही रुजू होईपर्यंतचे महिने आपल्याच खिशातून जातात.

चौथे म्हणणे सावध लोकांचे: आधी नोकरी, मग विमान. आयटीतला, अनुभव असलेला, इंग्रजीत काम करणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज करणारा माणूस असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. त्याने पुण्यात बसूनच मुलाखती द्याव्यात. पण लहान गावातला यंत्रे बनवणारा कारखाना सहा हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला पडद्यावर पाहून घेताना कचरतो. या कार्डावर दोन आठवडे चाचणी म्हणून काम करून दाखवण्याची सोय आहे, ती तिथे असणाऱ्यालाच उपयोगी. तेव्हा जाणे हा वेडेपणा नाही. वर्षाला बाराने भागून मोकळे होणे हा आहे.

मग अंदाजपत्रक कसे मांडावे? महिना हे एकक धरावे, पण प्रत्येक महिन्याला त्याचे काम नेमून द्यावे. पहिले दोन महिने बस्तान बसवण्याचे. त्यांच्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, हाताशी असलेल्या खात्यात, किमान तीन ते चार हजार युरो हवेत: डिपॉझिट, तात्पुरता मुक्काम, भांडीकुंडी, थंडीचे कपडे. आणि खोली पाहिल्याशिवाय कोणालाही डिपॉझिट पाठवू नये, फोटो कितीही सुंदर असोत. हे पैसे तेरा लाखांवरचे, म्हणून करही ध्यानात ठेवावा. एप्रिल 2025 पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर 10 लाखांपुढे, शिक्षण किंवा उपचाराचे कारण नसेल तर, 20 टक्के टीसीएस कापला जातो. तेरा लाखांवर तो साठ हजारांच्या घरात जातो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण ऐन निघण्याच्या वेळी हातात नसतो. पदवीच्या समकक्षतेचे पत्र, त्याची 208 युरोंची फी, अधिकृत भाषांतरे हे निघण्याआधीच उरकावे.

तिसरा ते आठवा महिना हा खरा शोधाचा काळ, आणि इथे काटकसर महागात पडते. शहरापासून दीड तासावर स्वस्त खोली घेऊन वाचवलेले दीडशे युरो मुलाखतीच्या फेऱ्यांत जातातच, शिवाय ओळखी होत नाहीत. भाषेचा पुढचा वर्ग, दुसऱ्या शहरातल्या मुलाखतीचे तिकीट, व्यवसायातल्या मेळाव्याची फी यांना वेगळे खाते द्यावे आणि ते संपवावे. घरी हे पटवणे अवघड जाते. शिल्लक राहिलेला पैसा सद्गुण आणि संपलेला उधळपट्टी, ही आपली धारणा पक्की आहे.

शेवटचे चार महिने शोधाचे मानूच नयेत. ऑफर आली तरी परवाना बदलून घ्यायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आठवडे, कधी महिने जातात, आणि पहिला पगार महिना भरल्यावरच येतो. म्हणून आठव्या महिन्याअखेरीची एक तारीख विमानात बसण्याआधी घरच्यांसमोर ठरवावी. त्या दिवशी कुठलीच बोलणी दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेली नसतील तर आवरायला घ्यावे. ‘अजून चार महिने आहेत की’ असे कोणीतरी म्हणेलच, म्हणून तारीख लिहून ठेवावी. चार महिन्यांचे 4,364 युरो तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पडून असतात. कागदपत्रे पुरी केली की ते परत मिळतात. परतीच्या तिकिटाचे पैसे मात्र यात धरू नयेत. ती पूर्तता व्हायला वेळ लागतो आणि विमान कंपनी तोवर थांबत नाही.