पाळणा हलला, पुढे काय?



दिवाळीच्या फराळ-विक्रीतून या वर्षी वर्गाच्या डब्यात २१२ डॉलर जमले. चकल्या पालकांनी केल्या, शंकरपाळे मधल्या गटाने कापले आणि पैसे मोजायला बालगट बसला. त्यामुळे मोजणी तीन वेळा करावी लागली! आता या पैशांचे काय करायचे? प्राणिसंग्रहालयाच्या सहलीनंतर बहुतेक मुलांचे एकच उत्तर आले : हत्तीचे पिल्लू दत्तक घ्यायचे. दत्तकपत्र मिळते, कापडी हत्ती मिळतो, वर्गाच्या भिंतीवर लावायला फोटोही मिळतो.

आम्हीही लगेच "हो" म्हणणार होतो. पण परतीच्या बसमध्ये मधल्या गटातल्या एका मुलीने विचारले, "काकू, या पिल्लाची आत्या कुठे राहते?" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. वाचनालयातून पुस्तके आणली, थोडे वाचले, थोडे आपसांत भांडलो, आणि जे मत झाले ते या पानावर मांडत आहोत. पटले नाही तर जरूर कळवा.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर. आफ्रिकन हत्तींमध्ये आत्यापेक्षा मावशी महत्त्वाची! कळप असतो तो आजी, आई, मावश्या, बहिणी आणि लहान पिल्लांचा. मुली जन्मभर आईजवळ राहतात. मुलगे बारा-पंधरा वर्षांचे झाले की हळूहळू घर सोडतात आणि मोठ्या नरांच्या संगतीत वावरू लागतात. कळपाची मुखत्यार सर्वांत वयस्कर हत्तीण. पाणी कुठे मिळेल, कोण ओळखीचे, कोण परके, हे तिला ठाऊक असते. केनियातल्या अंबोसेली अभयारण्यात सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. म्हाताऱ्या हत्तिणीच्या कळपाला परक्यांची पारख अधिक चांगली असते, असे तिथल्याच अभ्यासातून २००१ मध्ये दिसून आले. आपल्या आजी-आजोबा सुट्टीत सहा महिने इथे येतात तेव्हा घराची भाषाच बदलते, तसेच काहीसे.

वडीलधारे नसले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेस्बर्ग उद्यानात पोरके हत्ती नेऊन सोडले होते. त्यांच्यातले तरुण नर वेळेआधीच मदात येऊ लागले, आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगर उद्यानातून सहा मोठे नर आणून तिथे सोडले. तरुणांचा मद उतरला, गेंड्यांचे मरण थांबले. कोणी छडी मारली नाही की साखळदंड घातला नाही. मोठे माणूस घरात असणे, एवढेच पुरले.

आता प्राणिसंग्रहालयातला पाळणा कसा हलतो ते पाहू.

हत्तीण साडेतीन-चार महिन्यांतून एकदाच माजावर येते. म्हणजे वर्षाला संधी तीन-चार. तिच्या रक्तात एका संप्रेरकाची लाट दोनदा येते, दोन लाटांमध्ये सुमारे तीन आठवडे जातात, आणि बीज सुटते ते दुसऱ्या लाटेनंतर. हे कळल्यावर डॉक्टरांचे काम सोपे झाले : पहिली लाट दिसली की तारीख धरायची. आपल्याकडे गाईंसाठी गावोगावी जे कृत्रिम रेतन करतात, तेच हत्तिणीच्या बाबतीत लांब नळी, दुर्बीण आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने करतात. त्यासाठी तिला शांत उभे राहायला शिकवावे लागते. पूर्वी हे अंकुशाच्या धाकाने होई. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये धोरण बदलले आणि २०१४ पर्यंत माणूस व हत्ती यांच्यामध्ये गज असावेत असे ठरवले. आता हत्तीण आपण होऊन गजांजवळ येते, पाय पुढे करते, कान देते आणि खाऊ घेऊन जाते. नको असेल तर पाठ फिरवते. हा बदल चांगला झाला, यात शंका नाही.

याचा मोठा मान आपल्या इंडियाना राज्याकडे आहे. कृत्रिम रेतनातून जन्मलेले जगातले पहिले आफ्रिकन पिल्लू २००० साली मार्चमध्ये इंडियानापोलिसला झाले. आईचे नाव कुब्वा, लेकीचे अमाली. बावीस महिने पोटात राहून शंभर किलोच्या आसपासचे पिल्लू बाहेर येते तेव्हा आनंद होणारच. पेढे वाटावेत असाच तो प्रसंग.

पण त्याच शहराने २०१९ चा मार्चही पाहिला. सहा वर्षांची न्याह आणि आठ वर्षांची कलीना, अवघ्या आठवड्याच्या अंतराने गेल्या. कारण हत्तींना होणारा नागिणीच्या जातीचा एक विषाणू. तो जंगलातल्या हत्तींतही असतो, त्यामुळे दोष कुणा एकाचा नव्हे. ह्यूस्टनमध्ये २०२४ साली एका आशियाई हत्तिणीला या रोगाची पहिली लस टोचली, ही आशेची गोष्ट आहे. मात्र मोजक्या हत्तिणींच्या कळपात दोन मुली जातात, तेव्हा पुढची पिढीच जाते.

आकडाही एक सांगायला हवा. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या आणि मूळ देशांतल्या मिळून साडेचार हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदी तपासून २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचे मध्यक आयुष्य त्यात निघाले १६.९ वर्षे. अंबोसेलीतल्या, माणसाच्या हातून न मेलेल्या हत्तिणींचे ५६ वर्षे. (मध्यक म्हणजे सगळ्यांना वयानुसार रांगेत उभे केले तर बरोब्बर मधल्याचे वय. मोठ्या गटाने हे गणितात शिकले आहे.) आफ्रिकन हत्तींची स्थिती काळानुसार सुधारत आहे, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. तरी हा फरक आंधळ्यालाही दिसावा एवढा मोठा आहे.

शिवाय अनेक हत्तिणींचे चक्र वय असूनही बंद पडते आणि त्या कधी माजावर येतच नाहीत. ज्या मादीने लहानपणी दुसऱ्या कुणाचे बाळंतपण पाहिलेले नाही, तिला स्वतःचे पिल्लू पाहून भीती वाटू शकते. आणि जन्मणाऱ्यांत निम्मे तर मुलगे! ते मोठे झाल्यावर त्यांना वेगळी, भक्कम जागा लागते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमने २०११ मध्ये खास नरांच्या कळपासाठी जागा उभारली. अशा जागा थोड्या आहेत. पिल्लाच्या बारशाला गर्दी होते, पण पंधरा वर्षांनी त्या मुलग्याला कुठे ठेवायचे या बैठकीला कोणी फोटो काढायला जात नाही.

जन्म पुरेनात म्हणून हत्ती आणावे लागले. स्वाझीलंडहून (आताचे एस्वातिनी) २००३ मध्ये अकरा आणि २०१६ मध्ये सतरा हत्ती विमानाने अमेरिकेत आले. पाठवणाऱ्यांचे म्हणणे असे की कुंपणातल्या राखीव जंगलात हत्ती फार झाले, दुष्काळ पडला, नाहीतर मारावे लागतील. हे म्हणणे थेट खोटे म्हणता येणार नाही. पण तिसरी वाटही होती. दक्षिण आफ्रिकेतल्या मकालालीमध्ये २००० पासून हत्तिणींना गर्भनिरोधक लस टोचून संख्या ताब्यात ठेवली जात आहे. पुढे २०१९ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रानातले आफ्रिकन हत्ती पकडून दूरदेशी पाठवण्यावर, अपवाद सोडल्यास, जवळजवळ बंदीच आली. आम्हाला ती योग्य वाटते.

भेट म्हणून दिलेल्या हत्तीची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. झिंबाब्वेने राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांना भेट दिलेला शंकर हा आफ्रिकन हत्ती लहानपणी दिल्लीला आला. सोबतीण लवकर गेली, आणि तो अनेक वर्षे एकटा उभा राहिला. भारतात हत्तींची काय कमी? पण ते आशियाई. या दोन जाती वेगळ्या, त्यांचा संसार होत नाही. इंग्लंडमध्ये चेस्टरला १९७८ मध्ये एकदाच अशा जोडीला पिल्लू झाले, ते दहा-बारा दिवसांत गेले. शंकरच्या एकटेपणामुळे जागतिक संघटनेने २०२४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचे सदस्यत्व स्थगित केले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी तो वारला, वय २९. जंगलात या वयाचा नर नुकता कुठे भारदस्त होऊ लागलेला असतो. कुणी त्याचा दुष्टपणाने छळ केला असे आम्ही म्हणत नाही. त्याला फक्त कुणी आपले माणूस नव्हते.

आता दुसरी बाजू. आमच्यातल्याच एका काकांनी ती जोरात मांडली. "राणीच्या बागेत हत्तीवर बसून फेरी मारली नसती, तर मला हत्तीचे प्रेम लागले असते का?" प्रश्न रास्त आहे. केटी पेन यांना हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या खर्जात बोलतात हे प्रथम जाणवले, ते १९८४ मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयातच. लस, सोनोग्राफी, संप्रेरकांचे ज्ञान, सगळे इथूनच आले. हे ऋण आम्ही मान्य करतो. आणि आज जे हत्ती इथे आहेत त्यांना उद्या विमानात बसवून जंगलात सोडा, असे म्हणणे सोपे आहे, करणे नाही.

तरीही आमचे मत असे :

पिल्लू तिथेच व्हावे, जिथे आजी, आई, मावशी मिळून कळप आहे, मोकळी जागा आहे आणि जन्मणाऱ्या मुलग्याच्या पंधराव्या वर्षाची सोय आधीच ठरलेली आहे. जिथे दोन-तीनच हत्तिणी उरल्या आहेत, तिथे कृत्रिम रेतनाचा अट्टाहास नको. त्यांना मोठ्या कळपात किंवा आश्रयस्थानात पाठवावे. टोरांटोने २०१३ मध्ये आपल्या तीन आफ्रिकन हत्तिणी कॅलिफोर्नियातल्या आश्रयस्थानात पाठवल्या. असे करण्यात कमीपणा नाही. रानातून नवे हत्ती आणू नयेत. आणि पाटीवर खरे लिहावे. २०२१ मध्ये आफ्रिकेतला गवताळ प्रदेशातला हत्ती 'संकटग्रस्त' आणि जंगलातला 'अतिसंकटग्रस्त' म्हणून जाहीर झाला. इथे जन्मलेले पिल्लू त्यांच्यात जाऊन मिळत नाही. ते इथल्या कळपाची भर असते. त्याने मुलांच्या मनात प्रेम निर्माण होईल, पैसाही जमेल, पण "जात वाचली" असे म्हणू नये.

मग आपल्या २१२ डॉलरचे काय? आमची सूचना अशी की ते केनियातल्या शेल्ड्रिक संस्थेला पाठवावेत. १९७७ पासून ही संस्था पोरक्या पिल्लांना वाढवते आणि मोठी झाल्यावर त्सावोच्या रानात परत सोडते. तान्ही पिल्ले गाईच्या दुधावर जगत नसत. डॅफ्नी शेल्ड्रिक यांना पुष्कळ वर्षांनी युक्ती सापडली : ज्या बाळदुधात खोबऱ्याचे तेल असते ते त्यांना पचते. कोकणातल्या आज्यांना हे ऐकून मुळीच नवल वाटणार नाही! तिथली पिल्ले रात्री एकटी झोपत नाहीत, सांभाळणारा माणूस सोबत असतो, आणि रानात गेल्यावर आधी सुटलेल्या हत्तिणी त्यांना आपल्यात घेतात. मावशीचा प्रश्न तिथे सुटतो.

कापडी हत्ती मिळणार नाही, हे खरे. बालगट नाराज होईल, हेही ठाऊक आहे. म्हणून निर्णय आम्ही एकट्याने घेणार नाही. येत्या रविवारी वर्गाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत हात वर करून मत घेऊ. बालगटालाही एकेक मत आहे. तोवर घरी बोला. पालकांनी मुलांचे ऐकावे, मुलांनी दोन्ही बाजू मराठीत पाच-पाच ओळी लिहून आणाव्यात. चुका झाल्या तरी चालतील. चांगले लिखाण पुढच्या अंकात छापू.

आणि जिने बसमध्ये आत्याची चौकशी केली, तिला आमच्याकडून एक चकली जास्त.

— संपादक मंडळ