खारघरचा अभिमान आणि मेडिकलमधली ट्यूब

पनवेलमध्ये हल्ली कुणाला लिम्फोमा झाल्याचं कळलं की चार माणसं लगेच सांगतात, ‘घाबरू नका, खारघरचं टाटा जवळ आहे, तिथे पेशी बदलून कॅन्सर बरा करतात.’ ऐकायला बरं वाटतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या मेहनतीतून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, याचा आनंद मलाही आहे. पण तो उपचार बी-पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. त्वचेचे लिम्फोमा बहुतेक टी-पेशींचे असतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा मायकोसिस फंगॉइडिस. त्याला याचा उपयोग नाही. आणि त्याला सुरुवातीला जे साधे, कमी खर्चाचे इलाज पुरतात, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

नावच फसवं. १८०६ साली आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांना रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून ‘फंगॉइडिस’. बुरशीशी संबंध शून्य. आपल्याकडे इलाज मात्र बुरशीचाच होतो. कंबर, मांड्या, नितंब, छाती अशा ऊन न लागणाऱ्या जागी चट्टे येतात. सावळ्या कातडीवर ते कधी पांढुरके दिसतात; मग कोड समजतात, नाहीतर कुष्ठरोगाच्या भीतीने लपवतात. नेऱ्याचं शांतिवन आपल्याच तालुक्यात असूनही ही भीती गेलेली नाही. झाकलेल्या जागेचं दुखणं बायका दाखवत नाहीत, आमच्या मोहल्ल्यात पुरुष डॉक्टरला तर नाहीच. मग मुलगा मेडिकलमधून ट्यूब आणतो.

त्या ट्यूबमध्ये बेटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल असतं. गंमत अशी की सुरुवातीच्या मायकोसिस फंगॉइडिसवर स्टिरॉइड मलम हा खरोखरच मान्य इलाज आहे. म्हणून तर चट्टा फिका पडतो, खाज थांबते आणि माणसाला वाटतं नायटा गेला. ट्यूब बंद, चट्टा परत. यातच वर्षं जातात. शेवटी कुणी बायोप्सी केलीच, तर मलमामुळे पेशी धड ओळखू येत नाहीत. मलम काही आठवडे थांबवा, पुन्हा तुकडा काढा, कधी तिसऱ्यांदाही. २०१८ साली केंद्र सरकारने ही मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मेडिकलवाल्याने अशा ट्यूबसाठी चिठ्ठी मागितलेली तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

माझा दुसरा राग ‘कॅन्सर आहे ना, मग जोरदार केमो द्या’ म्हणणाऱ्यांवर आहे. १९८९ साली अमेरिकेतला १०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला सुरुवातीपासूनच केमो आणि इलेक्ट्रॉन किरण, दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने सौम्य उपचार. पहिल्या गटात चट्टे जास्त जणांचे गेले, त्रासही जास्त झाला, आयुष्य मात्र वाढलं नाही. म्हणून चट्ट्यांच्या टप्प्यावर मलम आणि प्रकाशोपचार: नॅरोबँड यूव्हीबी, किंवा सोरालेन देऊन यूव्हीए किरण. सोरालेन आपल्या बावचीतही असतं. तेवढ्यावरून कुणी बावचीचं तेल चोळून उन्हात बसू नये, कातडी भाजेल. गाठी आल्या तर रेडिएशन. रोग पुढे सरकला तर कमी मात्रेचं मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन, सबंध त्वचेला इलेक्ट्रॉन किरण, ब्रेन्टुक्सिमॅब. थोड्याच कातडीवर असताना सापडला तर बहुतेक रुग्ण इतरांइतकंच जगतात.

प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याला प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. त्याच्यासाठी मुंबईतलं यंत्र असून नसल्यासारखं. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात हे किरण रोज मिळायला हवेत, बायोप्सी तिथेच व्हायला हवी आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी. पुढच्या वेळी मत मागायला जे दारात येतील, त्यांना मी यंत्राचं विचारणार आहे. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला, चिठ्ठीचं.