दोष गॅसचा की जोडणीचा?

पेट्रोलच्या मोटारीला सीएनजी किट बसवताना इंजिन बदलत नाही. पेट्रोलची टाकीही जागच्या जागी राहते. त्याच इंजिनाला इंधनाचा दुसरा पुरवठा जोडला जातो, एवढेच. डिकीत पोलादी सिलिंडर येतो आणि त्यात मुख्यतः मिथेन असलेला वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. पोलादी नळीतून तो बॉनेटखालच्या रिड्यूसरपर्यंत पोहोचतो, तिथे त्याचा दाब उतरतो आणि गॅस इंजेक्टरांतून तो इंजिनात जातो. डॅशबोर्डवरचे बटण दाबून गाडी हव्या त्या इंधनावर घेता येते. मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस २००६ साली स्थापन झाली. त्यानंतर या दोन्ही शहरांतल्या रिक्षा-टॅक्सी मोठ्या संख्येने गॅसवर आल्या. खासगी मोटारीच्या मालकाला मात्र अजूनही चारी बाजूंनी इशारे मिळतात: गाडी पेट घेईल, इंजिन बसेल, पिकअप मार खाईल, डिकी जाईल. यातला एकही इशारा निव्वळ काल्पनिक नाही. पण त्यांतले जे गंभीर आहेत त्यांचे मूळ वायूत नाही. ते स्वस्तात, घाईत आणि नोंदीविना केलेल्या जोडणीत आहे. हा फरक लक्षात न घेता जो किटच टाळतो त्याचे नुकसान होते, आणि जो कसलेही किट कुठेही बसवून घेतो त्याचे त्याहून जास्त होते.

पहिला आक्षेप भीतीचा. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ नव्वदपट. एवढा दाब पाठीमागे घेऊन बसायचे, या कल्पनेनेच अनेकजण मागे सरतात. वस्तुस्थिती अशी की हा दाब झेलण्यासाठीच सिलिंडर बिनजोड, जाड पोलादाचा केलेला असतो. साठ लिटरचा रिकामा सिलिंडरच एखाद्या प्रौढ माणसाएवढा भरतो. मोटारीतल्या सगळ्या भागांत तो बहुधा सर्वांत दणकट भाग असतो. त्याची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपटीहून अधिक दाबाने पाणी भरून घेतली जाते, म्हणून तिला हायड्रो टेस्ट म्हणतात. गॅस सिलिंडर नियमांनुसार ती दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख करणारी पेसो ही केंद्रीय संस्था या नियमांची अंमलबजावणी पाहते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

वायूचे गुणधर्मही भीतीच्या बाजूने साक्ष देत नाहीत. मिथेन हवेपेक्षा हलका आहे, जवळजवळ निम्म्या घनतेचा. उघड्यावर गळती झाली तर तो वर चढून पांगतो. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा एलपीजी हे दोन्ही हवेहून जड असल्यामुळे खाली साचतात. लोकांच्या मनात ‘गॅस’ म्हटले की घरातला एलपीजी सिलिंडर उभा राहतो आणि त्याच्या अपघातांचे खापर सीएनजीवर फोडले जाते. मिथेन पेटण्यासाठी हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते, आणि ठिणगीविना आपोआप पेटायला त्याला ५०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते. पेट्रोलला त्याच्या जवळपास निम्मे तापमान पुरते.

मग गॅसच्या गाड्या पेटतात त्या कशाने? बंद डिकीत साठलेली गळती धोक्याचीच असते, कारण तिथे वर जाऊन पांगायला वाटच नसते. म्हणूनच चांगल्या जोडणीत सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर हवाबंद आवरण असते आणि त्यातून निघालेली नळी डिकीच्या तळातून थेट गाडीबाहेर काढलेली असते, म्हणजे व्हॉल्व्हपाशी गळती झालीच तर वायू बाहेर जातो. सिलिंडरचा पाळणा डिकीच्या नुसत्या पत्र्यावर बोल्टने आवळून भागत नाही, तो गाडीच्या सांगाड्याला धरलेला लागतो. उच्च दाबाची नळी सायलेन्सरपासून दूर, क्लिपा मारून, कुठेही घासणार नाही अशी नेलेली असते. वायरिंगला स्वतंत्र फ्यूज असतो. स्वस्त कामात नेमक्या याच गोष्टी वगळल्या जातात. आवरण काढून टाकलेले, नळी पत्र्याच्या कडेवर टेकलेली, वायरींना नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि सिलिंडर कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीतला, ज्याच्या मानेवरची चाचणीची तारीख केव्हाच उलटून गेलेली. अशी गाडी पेटली की दोष सीएनजीला लागतो. जोडणी संपताच प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते मालकाने समोर उभे राहून पाहावे. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे आणि ते करायला जो गॅरेजवाला कुरकुरतो त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

दुसरा आक्षेप इंजिनाबद्दलचा, आणि तो जास्त विचार करण्याजोगा आहे, कारण जाणते मेकॅनिकही तो घेतात. गॅस ‘कोरडा’ असतो, व्हॉल्व्हच्या सीटा खातो, इंजिन तापवतो, असे त्यांचे म्हणणे. यातला खरा भाग असा: पेट्रोलचे सूक्ष्म थेंब व्हॉल्व्हच्या सीटेला थोडा थंडावा देतात, वायू तो देत नाही. म्हणून कारखान्यातच सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांत सीटा अधिक कठीण धातूच्या वापरतात. पण सीट वेळेआधी झिजण्याचे मोठे कारण वेगळेच आहे. हवेच्या मानाने गॅस कमी पडला की ज्वलन लांबते, एक्झॉस्टकडचे तापमान चढते आणि सीटा भाजून निघतात. गॅस कमी का पडतो? किट जुन्या पद्धतीचे असते, किंवा नव्या किटचे ट्युनिंग नीट झालेले नसते.

जुन्या व्हेंचुरी किटमध्ये हवेच्या वाटेवर एक मिक्सर बसवलेला असतो आणि इंजिनाच्या ओढीवर गॅस खेचला जातो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते चालून गेले. इंजेक्शनच्या गाडीत मात्र ते अंदाजपंचे काम ठरते: इंजिनाला क्षणोक्षणी लागणारे प्रमाण त्याला साधत नाही आणि कधीकधी बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबाच फुटतो. सिक्वेन्शियल किटची रीत निराळी आहे. त्याचा ईसीयू, म्हणजे नियंत्रण करणारा संगणक, गाडीच्या मूळ ईसीयूकडून पेट्रोल इंजेक्टरला जाणारा संदेश मधेच अडवतो, तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा होता हे वाचतो, आणि गॅसचा दाब व तापमान पाहून इंजिनाच्या त्याच सिलिंडरचा गॅस इंजेक्टर त्या हिशेबाने उघडतो. म्हणजे किती इंधन द्यायचे हा निर्णय गाडीच्या मूळ संगणकाचाच राहतो. लॅपटॉप जोडून, गाडी रस्त्यावर फिरवून हा हिशेब बसवणे म्हणजे ट्युनिंग. ते बिघडलेले असले की मूळ ईसीयू सतत दुरुस्ती करत राहतो आणि अखेर चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये गाडी उभीच ठेवून, एकदा रेस करून ‘झालं साहेब’ म्हणणारा कारागीर पुढच्या व्हॉल्व्हच्या कामाची पायाभरणी करत असतो.

गॅसचा इंजिनाला होणारा फायदा तर कोणी सांगतच नाही. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइल पातळ करते. गॅसने तसे होत नाही, काजळीही जवळजवळ धरत नाही. म्हणून गॅसवरच्या गाडीचे ऑइल जास्त काळ स्वच्छ दिसते. इंजिन कोमट होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालू राहून मग आपोआप गॅसवर जाते, तेही सोयीचे आहे: दाब उतरताना वायू एकदम थंड होतो आणि रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरवलेले असते. ते पाणी आधी तापायला हवे. बाकी पथ्ये साधी आहेत. एअर फिल्टर स्वच्छ ठेवणे, गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते म्हणून स्पार्क प्लग वेळेवर बदलणे, गॅसचा फिल्टर बदलणे आणि टॅपेटची फट अधूनमधून तपासून घेणे. मुंबईतल्या टॅक्सी दोन-दोन चालकांच्या पाळ्यांत दिवसभर गॅसवर धावतात. गॅस स्वभावतःच इंजिनाचा वैरी असता तर हा धंदा केव्हाच बसला असता.

पिकअपचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. मिथेन आणि हवा यांच्या योग्य मिश्रणात मिथेनचाच वाटा आकारमानाने साडेनऊ टक्के असतो, म्हणजे तेवढी हवा इंजिनाच्या सिलिंडरबाहेर राहते आणि ताकद दहाएक टक्क्यांनी घटते. मिथेनचा ऑक्टेन १२० च्या वर असल्याने जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात ही घट बरीचशी भरून निघाली असती. पण पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन किटने बदलत नाही. शहरातल्या गर्दीत हा फरक फारसा कळत नाही. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात, पाच माणसे आणि एसी घेऊन जाताना तो कळतो. तिथे बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यावी. दोन इंधने हाताशी असणे हा दुहेरी इंधनाच्या गाडीचा गुणच आहे.

डिकी जाते हेही खरे. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनी त्यावर आपला तोडगा काढला होता: डिकीत सिलिंडर, टपावरच्या कॅरिअरवर प्रवाशांच्या बॅगा. २०२३ मध्ये कारखान्यातून आलेल्या काही मॉडेलांत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर खाली बसवून जागा वाचवली गेली. बाहेरून बसवलेल्या किटला ती सोय सहसा मिळत नाही. मागे कायमचे वजन वाढल्याने मागच्या टायरांत हवा थोडी जास्त ठेवावी लागते. ज्या कुटुंबाचा प्रवास सामानसुमानासह गावोगावचा आहे त्याने याचा विचार आधीच करावा.

पुढचा मुद्दा आक्षेपाचा नाही, उलट अतिउत्साहाचा आहे आणि त्याचे खंडन अधिक कडकपणे करायला हवे. ‘आरटीओच्या भानगडीत पडू नका, गॅस कोणीही भरून देतो’ असे सांगून निम्म्या पैशांत किट बसवून देणारे आहेत. मोटार वाहन कायद्यानुसार इंधनातला बदल आरसी बुकावर चढवावा लागतो. किट केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्य असावे लागते. पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या चाचणी संस्था ही मान्यता तपासतात. मान्यता विशिष्ट प्रकारच्या वाहनांसाठी आणि विशिष्ट उत्सर्जन मानकासाठीच असते, म्हणून बीएस-४ च्या गाडीचे किट बीएस-६ च्या गाडीला चालते असे धरून चालू नये. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची वाट ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने मोकळी झाली. नोंद नसलेल्या किटची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पॉलिसीत किट दाखवून त्याच्या किमतीवर थोडा जादा हप्ता भरला की ती चिंता मिटते. वॉरंटीतल्या नव्या गाडीला बाहेरून किट बसवले तर बहुतेक उत्पादक वॉरंटी नाकारतात. ती मुदत संपेपर्यंत थांबलेले बरे.

पैशांचा हिशेब मालकाने स्वतःच्या फिरण्यावर मांडावा. किलोभर सीएनजीत सुमारे दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी किलोला २२ च्या आसपास देते. २०२५ च्या मध्याला मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि सीएनजी ८० च्या आसपास होता. म्हणजे किलोमीटरला खर्च पेट्रोलवर सुमारे सात रुपये, गॅसवर साडेतीन-पावणेचार. सुरुवातीचे पेट्रोल, हायड्रो टेस्ट, ट्युनिंग आणि विमा वजा करता तीन रुपये वाचतात असे धरले, तर साठ हजारांचे किट वीस हजार किलोमीटरमध्ये फिटते. महिन्याला साडेबाराशे किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे सोळा महिन्यांत वसूल. महिन्याला तीनशे किलोमीटरच फिरणाऱ्याला मात्र साडेपाच वर्षे लागतील. त्याने किटच्या वाटेला जाऊ नये.

गॅसचे भाव चढतात हा युक्तिवाद या हिशेबावर घासून पाहता येतो. मुंबईत जुलै २०२१ मध्ये ५२ रुपयांच्या जवळ असलेला सीएनजी ऑगस्ट २०२२ मध्ये ८६ वर गेला, आणि तेही राज्य सरकारने एप्रिल २०२२ पासून मूल्यवर्धित कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला असताना. त्या ८६ च्या भावातही, १०६ रुपयांच्या पेट्रोलसमोर, किलोमीटरला तीन रुपयांहून अधिक फरक उरत होता. भाववाढीने बचत घटली, पण संपली नाही. पंपावरच्या रांगांचा त्रास याहून खरा आहे. पाइपलाइन न पोहोचलेल्या डॉटर स्टेशनवर ट्रकने आणलेल्या कॅस्केडमधून, म्हणजे सिलिंडरांच्या संचातून, गॅस भरतात. कॅस्केड रिकामी होत आली की दाब उतरतो आणि सिलिंडर अर्धवट भरून निघावे लागते. किट बसवण्याआधी रोजच्या वाटेवर पाइपलाइनचा पंप आहे का ते पाहावे.

अखेरचा आक्षेप पर्यावरणाचा. सीएनजीही जीवाश्म इंधनच, मग हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्या गॅसवर नेण्याचा आदेश दिला तो प्रामुख्याने धुरासाठी, नागरिकांच्या फुप्फुसांसाठी होता. मिथेनच्या ज्वलनात सूक्ष्म कण जवळजवळ निघत नाहीत आणि तेवढ्याच ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी निघतो. मात्र न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे ठिबकणारा एक सांधाही हा लाभ कुरतडत राहतो. इथेही प्रश्न पुन्हा जोडणीपाशीच येतो. शहरातल्या घरांत आणखी दहा वर्षे चालण्याजोग्या असंख्य पेट्रोल गाड्या आहेत. त्यांचे मालक लगेच विजेची गाडी घेणार नाहीत, कारण त्यांना ती परवडत नाही किंवा त्यांच्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही. त्या गाड्यांपुरता आज हाताशी असलेला उपाय म्हणजे मान्यताप्राप्त सिक्वेन्शियल किट, आरसीवर नोंद आणि तीन वर्षांनी न चुकता हायड्रो टेस्ट.