गंगा एकाच दिशेने वाहते

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नोकरदारांना, गृहिणींना, शाळा अर्धवट सुटलेल्यांना पदवीची वाट मोकळी करून दिली, हे कोणीही मान्य करील. परंतु आपण साहित्याचे अभ्यासक. रूपकाची झडती घेणे हे आपले कामच. गंगा वरून खाली वाहते. घरोघरचा प्रश्न ती उगमाकडे नेत नाही. दूरशिक्षणातील तंत्रज्ञानाविषयीचा आपला सगळा विचार या रूपकात अडकून पडला आहे.

१९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी गेली. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. २००४ साली खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडण्यात आला. २०१० मध्ये त्याची सेवा संपली. २०२० च्या महासाथीत वर्ग मोबाइलवर आला. दर वेळी कौतुक झाले ते पाठ किती दूर पोचला याचे. धडगावच्या किंवा मेळघाटातल्या विद्यार्थ्याने शंका विचारली तर तिचे उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत, हे मात्र उद्घाटनाच्या भाषणात कधी ऐकू येत नाही.

आणि दुर्गमता केवळ डोंगरातच असते असे कोणी सांगितले? मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण १९७१ सालीच सुरू केले. त्याचे कलिना संकुल कुर्ल्याहून मिठी नदी ओलांडली की येते. तरीही कुर्ल्यातल्या एका खोलीच्या घरात राहून, दिवसभर नोकरी करून बाहेरून मराठीत एम.ए. करणारी मुलगी 'दूरस्थ'च असते. मोबाइलला रेंज भरपूर. पण कवितेचा आपण लावलेला अर्थ टिकतो का, हे विचारायला माणूस नाही. तिला ध्वनिमुद्रित व्याख्यान दिले म्हणजे तिचे अंतर मिटले, हे मानणे ही आपली सोय आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: विद्यार्थी हजारो, शिक्षक मोजके, मग दुसरा उपाय काय? आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतो तो शिक्षक नेमण्याचा प्रश्न. पडदे वाढवून तो सुटत नाही, झाकला जातो. वास्तविक पोस्टकार्ड आणि टेलिफोन ही साधी साधने मुळातच दुतर्फी आहेत. प्रत्येक स्वाध्यायावर शिक्षकाचा हस्तलिखित वा टंकलिखित अभिप्राय, आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी फोनवर उपलब्ध असणारा शिक्षक, आणि त्या तासाचे त्याला अध्यापनाइतकेच मानधन, एवढी मागणी तरी आपण करावी. चित्रफिती त्यानंतर.

गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापता येते. साहित्याचे येत नाही. ते वादातूनच घडते. ज्या शिक्षणात विद्यार्थ्याला शिक्षकाशी असहमत होण्याची सोय नाही, त्याला साहित्याचे शिक्षण म्हणू नये. ते पार्सल आहे, आणि पार्सल पोचवायला विद्यापीठ लागत नाही.