मणक्याला हात लावण्याआधी काय वाचायचं?

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
नॅशनल बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स,
ग्रीली, कोलोरॅडो, अमेरिका



मी पुण्यात फिजिओथेरपी शिकवते. इथली पदवी घेऊन अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’, म्हणजे हाताच्या झटक्याने मणक्यावर उपचार करणारे, व्हायला निघालेली मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. व्हिसा आणि फी हे प्रश्न त्यांच्या आईवडिलांचे. त्यांचा स्वतःचा प्रश्न एकच असतो : “मॅडम, पुस्तकं कोणती घेऊ?” याचं खरं उत्तर तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. पैसे भरणारे पालक इथे आहेत, म्हणून ते मराठीत. वाचून दाखवायला डेव्हनपोर्टपासून डॅलसपर्यंत कुठेही एखादा मराठी माणूस तुम्हाला सापडेलच.

पुस्तकं कॉलेज ठरवतं, प्राध्यापक ठरवतात, असं कागदोपत्री असतं. प्रत्यक्षात ती परीक्षा ठरवते. आमच्याकडे दहावीपासून मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाच्या वर ‘अपेक्षित प्रश्नसंच’ असतो. तुमच्याकडे त्याची नावं आणि किमती वेगळ्या, एवढंच. 1963 मध्ये स्थापन झालेलं तुमचं मंडळ कित्येक दशकं परीक्षा घेतं आहे. कॉलेजागणिक शिकवण्याचा सूर बदलतो, कुठे विज्ञानाकडे कल, कुठे संस्थापकांच्या तत्त्वज्ञानाकडे. पण परवान्याच्या वाटेवर तुमच्या परीक्षेचे चार भाग सगळ्यांनाच ओलांडावे लागतात. त्यामुळे तुम्ही जे विचारता ते वाचलं जातं आणि जे विचारत नाही ते ग्रंथालयात राहतं.

पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. शरीररचना, मणक्याची रचना, शरीरक्रिया, रसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र : हे विषय डॉक्टरांचे तेच तुमचे. गायटन आणि रॉबिन्स यांच्या दक्षिण आशियाई आवृत्त्या अप्पा बळवंत चौकात मिळतात, पण 23 किलोच्या बॅगेत त्या कोंबू नका, असंच मी मुलांना सांगते. ती पुस्तकं तिथल्या प्रत्येक ग्रंथालयात असणार. विकत घ्यायचंच असेल तर क्रॅमर आणि डार्बी यांचं मणका, मज्जारज्जू आणि स्वायत्त मज्जासंस्थेवरचं पुस्तक घ्या. चौरसियांच्या पुस्तकावर शरीररचना शिकलेल्या मुलीला पाठीच्या कण्याला इतकी पानं लागू शकतात हेच मुळात नवीन असतं. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूचे ते छोटे सांधे, त्यांच्या पृष्ठभागाचा कल मानेत वेगळा, पाठीत वेगळा, कंबरेत वेगळा. आणि म्हणून जो झटका कंबरेला चालतो तो मानेला का चालत नाही, हे ते पुस्तक चित्रांसकट समजावतं. डेन्मार्कमध्ये ओडेन्सच्या विद्यापीठात 1994 पासून कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी सुरुवातीची वर्षं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसूनच शिकतात. बाक एक, पुस्तकं एक. पुढे कोणी कोणाला बाहेरचा म्हणत नाही.

अडचण दुसऱ्या भागात सुरू होते, ‘कायरोप्रॅक्टिकची तत्त्वं’ या विषयापाशी.

इथे विद्यार्थ्याच्या टेबलावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी येतात. एकात कायरोप्रॅक्टिकचे संस्थापक डी. डी. पामर यांची 18 सप्टेंबर 1895 ची कथा असते : डेव्हनपोर्टमध्ये हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका त्यांनी जागेवर बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं. दुसरं पुस्तक शरीररचनेचं. श्रवणाची नस कवटीच्या आतच कानाकडून मेंदूकडे जाते, मानेतून किंवा पाठीतून जातच नाही, हे त्यात पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. मुलगी हुशार असेल तर दोन्ही पाठ करते आणि ज्या विषयाचा पेपर, त्याचं उत्तर लिहून मोकळी होते. ही सवय लागणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

मग जुने ग्रंथ काढून टाका, असं तुमच्यातलेच काही जण म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ते पूर्ण वाचायला लावा! आमच्या महाराष्ट्रात लोकहितवादी आणि आगरकर ग्रंथप्रामाण्याविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांच्या लिखाणातून मी एक धडा घेतला : पोथी सोवळ्यात ठेवली की तिचा अधिकार वाढतो, उघडून वाचली की ती माणसाने लिहिलेली दिसते. पामर यांचा 1910 चा जाडजूड ग्रंथ पोर्टलंडहून निघाला. तेव्हा त्यांची कायरोप्रॅक्टिकची शाळा मुलाच्या, बी. जे. पामर यांच्या ताब्यात गेलेली होती आणि बापलेकांचं फाटलं होतं. पुस्तकाच्या नावातच ‘अ‍ॅडजस्टर’ आहे, आणि पामर त्यात मणक्यांइतकेच आपल्या समव्यावसायिकांनाही ठिकाणावर आणायला निघालेले दिसतात. मुलगाही त्यातून सुटलेला नाही. बहुतेक सगळे रोग सरकलेल्या मणक्यांमुळे, म्हणजे ‘सब्लक्सेशन’मुळे, होतात हा दावाही त्यातच आहे. त्याच्या चार वर्षं आधी, 1906 मध्ये, स्मिथ, लँगवर्दी आणि पॅक्सन यांचं दोन खंडांचं पुस्तक आलं होतं, ते वेगळंच सांगत होतं. 1927 मध्ये स्टीफन्सन यांनी सगळं 33 तत्त्वांत बसवलं. सुटी केलेली 33 तत्त्वं पाठ करायला सोपी, श्रद्धा ठेवायला त्याहून सोपी. पण त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं ओळीने वाचली, 1924 मध्ये बी. जे. यांनी आणलेलं ते उष्णता मोजायचं यंत्र आणि त्यापायी शाळेत पडलेली फूट वाचली, तर विद्यार्थ्याला हा भांडणातून घडलेला व्यवसाय दिसतो. भांडणाचे साक्षीदार दोन्ही बाजूंनी तपासावे लागतात.

म्हणून या विषयाच्या प्रश्नांसोबत सालं विचारा. ‘सब्लक्सेशन म्हणजे काय’ असं विचारू नका. 1910 मध्ये त्याचा अर्थ काय होता, 1927 मध्ये काय झाला आणि 2010 मध्ये ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने त्याबद्दल काय जाहीर केलं, असं विचारा. ही ऐतिहासिक संकल्पना असून ती रोगाचं कारण आहे असा दावा करण्याजोगा संशोधनाचा पुरावा नाही, असं त्या परिषदेने स्पष्ट म्हटलं होतं. तुमच्याच व्यवसायाची ती कायदेशीर नियामक संस्था, कोणी विरोधक नव्हे. असा एक प्रश्न आला की स्कॉट हाल्डेमन यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ मुलं आपोआप उघडतील. हाल्डेमन स्वतः कायरोप्रॅक्टर आणि मेंदूविकारतज्ज्ञ, दोन्ही आहेत. शेजारी पामर आणि स्टीफन्सन राहू देत, जन्मसालासकट.

तंत्राच्या पुस्तकांवर फार लिहीत नाही. बर्गमन आणि पीटरसन यांचं पुस्तक चांगलं आहे. बाकी हात हातानेच शिकतो. आवृत्तीचं साल मात्र इथेही पाहावं. झटका देताना होणारा तो ‘कट्’ आवाज सांध्यातला बुडबुडा फुटल्याने येतो, असं 1971 नंतरची पुस्तकं सांगत होती. 2015 मध्ये अल्बर्टाच्या ग्रेगरी कॉचुक यांच्या गटाने बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये पाहिला, तर आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली. सांगायचं एवढंच की आवाज म्हणजे मणका जागेवर बसल्याची पावती नव्हे. पण आमच्याकडे रीळ बघून येणारा माणूस त्या आवाजाचेच पैसे देतो. मालिश झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेणाऱ्यांच्या गावात परतलेल्या पदवीधरावर केवढा दबाव असेल, याची कल्पना ग्रीलीत बसून येणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते.

कंबरदुखीत मणक्यावरच्या हस्तोपचारांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षणाबरोबर याही उपचाराला जागा आहे. मात्र कंबरदुखी घेऊन आलेल्या माणसाच्या पाठीत दुखणं सोडून आणखी काय असू शकतं, याचं उत्तर देश बदलला की बदलतं. अमेरिकेत परीक्षा देणारी मुलगी कर्करोग, हाडांची ठिसूळता, घोड्याच्या शेपटीसारख्या नसांच्या जुडग्यावर येणारा दाब, मानेतल्या धमनीला पडणारी चीर या सगळ्या धोक्याच्या खुणा शिकते. तुम्ही त्यावर प्रश्न विचारता, हे मान्य. योकम आणि रो यांच्या क्ष-किरणांवरच्या दोन खंडांत एक चित्र असतं : कंबरेच्या मणक्यांचा समोरून काढलेला एक्स-रे. प्रत्येक मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो, दोन गोल डोळे आणि मध्ये चोच. एका मणक्याचा एक डोळा नाही. घुबड डोळा मिचकावतं आहे. तो ‘डोळा’ म्हणजे मणक्याची देठासारखी बाजू, आणि ती बहुधा दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाने खाल्लेली असते. त्या पाठीवर झटका देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एकदा ते चित्र मनात बसलं की मुलगी आयुष्यभर एक्स-रेवर डोळे मोजते.

आमच्याकडच्या पाठीत आणखी एक गोष्ट असते, आणि तिला घुबडासारखं सोपं चित्र नाही. मणक्याचा क्षय. पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये त्याचं वर्णन केलं. तुमच्याकडे तो आता बराचसा इतिहासाच्या पानावर गेला असेल. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात असतो, आणि हाडांच्या क्षयापैकी निम्म्याच्या आसपास मणक्यात. तो सावकाश येतो. पाठीच्या मधोमध किंवा पाठ-कंबरेच्या सांध्यापाशी दुखतं, संध्याकाळी अंगात कसकस, रात्री घाम, वजन थोडं कमी. बाई म्हणते, “घरचं काम खूप पडतंय.” सुरुवातीला एक्स-रे चक्क स्वच्छ दिसू शकतो, दोष एमआरआयमध्ये उघडा पडतो. खोकला असेलच असं नाही. दोन मणक्यांच्या मधली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंची हाडं आतून पोखरत चाललेली असताना वरून कोणी जोरात दाब दिला तर पाय जाऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या कायरोप्रॅक्टिक प्रशिक्षण आणि सुरक्षिततेच्या पुस्तिकेत हे आहे. झटका कधीच द्यायचा नाही, अशा स्थितींच्या यादीत मणक्याचा क्षय नाव घेऊन लिहिलेला आहे. पुस्तिका फुकट मिळते, छोटी आहे, आणि पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तासांचा आकडाही तिच्यातच. मुलांना मी पहिलं पुस्तक म्हणून हीच सांगते. पण यादीतली एक ओळ वाचून रोग ओळखता येत नाही. त्यासाठी एस. एम. तुली यांचं हाडांच्या क्षयावरचं पुस्तक हवं. भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. तुमच्या दृष्टीने हा परदेशी, एकाच रोगाचा ग्रंथ. भारतात परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मात्र तो घुबडाच्या चित्राएवढाच जवळचा असायला हवा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे पाण्यातल्या फ्लोराइडने ताठ झालेले कणेही असतात, पण तो विषय इथेच सोडते. आधी क्षयाचं होऊ दे.

तुम्ही म्हणाल, आमची परीक्षा अमेरिकी परवान्यासाठी आहे. बरोबर. पण तुमच्याकडून पास होऊन आलेल्या मुलीला इथे कोण तपासणार? भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र परिषद नाही, परवान्याची परीक्षा नाही. पाटीवर ‘अमेरिकेहून पदवी’ लिहिलं की रुग्णाच्या लेखी विषय संपतो. तिने काय वाचलं आहे, यावरच इथल्या रुग्णाची पाठ अवलंबून. शिवाय क्षय अमेरिकेतही विमानाने येतो. न्यू जर्सीत मुलाकडे आलेली सोलापूरची आजी तिथल्याच कायरोप्रॅक्टरकडे जाणार.

म्हणून विनंती एका प्रश्नाची आहे. दुसऱ्या भागात घाला किंवा चौथ्या भागातल्या रुग्ण-व्यवस्थापनात घाला. 34 वर्षांची स्त्री, दोन वर्षांपूर्वी भारतातून आलेली. दोन महिने पाठीच्या मधोमध दुखतं, रात्री जास्त. संध्याकाळी बारीक ताप. वजन चार किलोने कमी. एक्स-रेमध्ये ठळक दोष नाही. कोणतं तंत्र वापराल? चार पर्याय तंत्रांचे द्या, आणि पाचवा : हात लावणार नाही, एमआरआय आणि तपासण्यांसाठी आजच पाठवेन. पाचव्या उत्तराला गुण द्या, पहिल्या चारांचे कापा.

असा प्रश्न एकदा येऊन गेल्याची कुणकुण लागली की पुढच्या वर्षीच्या सगळ्या प्रश्नसंचांत तो छापला जाईल, आणि प्रश्नसंच छापणाऱ्यांना उत्तराचं स्पष्टीकरण लिहायला तुली यांचं पुस्तक मागवावं लागेल. ते कोणत्या प्रकाशकाचं, कुठे मिळतं, हे विचारायचं असेल तर जरूर कळवा. इथून पाठवायची सोय करते.

कळावे,

आपली विश्वासू,
पुण्यातली एक फिजिओथेरपी शिक्षिका