जमिनीवर जाऊन मोजलेली माणसे

अफगाणिस्तानच्या नांगरहार प्रांतात सप्टेंबर हा चिलगोज्याचा हंगाम. डोंगरातल्या झाडांवरून बोंडे उतरवायची, वाळवायची, फोडून दाणे वेगळे करायचे. या कामासाठी गावोगावची माणसे, लहान मुलांना बरोबर घेऊन, रानातच मुक्काम ठोकतात. २०१९ साली खोग्यानी जिल्ह्यातल्या वझीर तंगी भागात असेच मजूर जायचे होते. तिथे ‘इसिस’च्या टोळ्यांचा वावर होता आणि त्यांच्याशी सरकारी फौजांची चकमक चालू होती, म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी आधीच काळजी घेतली. दोनशे मजूर आणि मुले चिलगोजे गोळा करायला रानात येणार आहेत, असे ७ सप्टेंबरच्या तारखेचे पत्र त्यांनी प्रांताच्या गव्हर्नरांना पाठवले. ‘रॉयटर्स’च्या बातमीदारांनी ते पत्र पाहिले आहे. १८ सप्टेंबरच्या रात्री, दिवसभराचे काम आटोपून माणसे शेकोटीपाशी बसलेली असताना अमेरिकी ड्रोनने तिथे हल्ला केला. किमान तीस जण ठार झाले. लक्ष्य ‘इसिस’चे होते, असे अमेरिकी लष्कराने सांगितले.

अशा बातमीनंतर एक वाक्य हमखास ऐकू येते: युद्धात हे व्हायचेच. अफगाणिस्तानातल्या वीस वर्षांच्या हवाई युद्धाचा हिशेब नीट मांडला तर हे वाक्य टिकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्या युद्धात सर्वाधिक सामान्य माणसे मारली ती तालिबान आणि ‘इसिस’ने, रस्त्यात पुरलेल्या बॉम्बनी, आत्मघातकी हल्ल्यांनी, भर बाजारातल्या स्फोटांनी. २०१८ मध्ये ३,८०४ नागरिक मृत्युमुखी पडल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या काबूलमधील कार्यालयाने केली. त्या वर्षीच्या एकूण मृत-जखमींपैकी ६३ टक्क्यांची जबाबदारी सरकारविरोधी गटांवर होती. हे विसरून कोणी विमानांकडेच बोट दाखवत असेल तर तो अन्याय होईल. पण अचूक शस्त्रे, तासन्‌तास टेहळणी करणारे कॅमेरे आणि सल्ल्याला कायदेतज्ज्ञ असल्याचे जो पक्ष जगाला सांगतो, त्याला त्याच्याच शब्दांवर तोलले पाहिजे.

आता आकडे. २००८ मध्ये परदेशी आणि अफगाण फौजांच्या हवाई हल्ल्यांत ५५२ नागरिक मारले गेले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये जनरल स्टॅनली मॅक्क्रिस्टल यांनी एक आदेश काढला: वस्तीतल्या घरांवर हवाई हल्ले मागवण्यावर कडक मर्यादा. २०१० मध्ये आकडा १७१ वर आला. युद्ध थंडावले होते म्हणून हे घडले असे नाही. उलट त्याच काळात अमेरिकेचे हजारो जादा सैनिक तिथे उतरत होते आणि दक्षिणेत जोरदार लढाया चालू होत्या. शत्रू तोच होता, मुलूखही तोच. परवानगी मात्र आखडली होती.

२०१७ मध्ये ती पुन्हा सैल झाली. शत्रू आपल्या किंवा अफगाण सैनिकांच्या जवळ असला तरच हवाई हल्ला करायचा, ही अट काढून टाकल्याचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितले. २०१८ मध्ये हवाई हल्ल्यांतील नागरिकांचे मृत्यू ५३६ झाले, २०१९ मध्ये ७००. त्या एका वर्षात अमेरिकी विमानांनी ७,४२३ बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे टाकली, आणि त्याच सुमाराला दोह्यात तालिबानशी वाटाघाटी चालल्या होत्या. सगळे मृत्यू अमेरिकेच्या पदरात टाकता येणार नाहीत. अफगाण हवाई दलही तोवर हल्ले करू लागले होते. एप्रिल २०१८ मध्ये कुंदुझ प्रांतातल्या दश्त-ए-आर्ची इथे मदरशाच्या पदवीदानासाठी जमलेल्या गर्दीवर त्याच दलाच्या हेलिकॉप्टरनी मारा केला. संयुक्त राष्ट्रांनी तपासून नक्की केलेल्या १०७ मृत-जखमींपैकी ८१ मुले होती.

म्हणजे किती नागरिक मरतील हे बऱ्याच अंशी विमान उडण्याआधीच, कार्यालयात बसून लिहिलेल्या नियमांत ठरते. तो नियम कोणी तरी लिहितो, कोणी तरी त्यावर सही करतो. त्यामुळे त्याचा जाबही विचारता येतो.

जाब विचारायचा तर आधी किती माणसे मेली हे कळायला हवे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. हेरात प्रांतातल्या शिंदंद जिल्ह्यातील अझिझाबाद गावाची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. २२ ऑगस्ट २००८ च्या पहाटे अमेरिकी आणि अफगाण कमांडो एका तालिबानी म्होरक्याच्या शोधात गावात शिरले. गोळीबार सुरू झाला, त्यांनी एसी-१३० हे तोफा बसवलेले विमान मदतीला बोलावले. तीस अतिरेकी मारले, नागरिक एकही नाही, हे अमेरिकेचे पहिले निवेदन. संयुक्त राष्ट्रांचे लोक गावात गेले, घरोघर बोलले, आणि त्यांनी सांगितले की नव्वद नागरिक मेले आहेत, त्यांतली साठ मुले. अमेरिकी लष्कराने आपली चौकशी केली. तिच्यात पाच ते सात नागरिक निघाले. काबूलमधून अध्यक्ष हमीद करझाई संतापून बोलत होते, पण लष्कर आकड्यावर ठाम होते.

मग एका मोबाइल फोनवर टिपलेले चित्रण बाहेर आले. मशिदीत ओळीने ठेवलेले मृतदेह, त्यांत मुलांचे. पुन्हा चौकशी करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा नवा आकडा आला: ३३ नागरिक. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यापासून तोही दूरच होता, पण शून्यापासून तेहतीसपर्यंतचा प्रवास कोणत्याही उपग्रहाने घडवला नव्हता. गावातल्या कोणाच्या तरी खिशात कॅमेरा असलेला फोन होता, एवढ्यामुळे तो घडला.

ज्यांच्या गावात तसा फोन नव्हता त्यांचे काय? जुलै २००२ मध्ये उरुझगान प्रांतात लग्नघरी आनंदाने हवेत गोळ्या झाडल्या जात होत्या; वरून मारा झाला आणि अफगाण सरकारच्या म्हणण्यानुसार ४८ माणसे गेली. जुलै २००८ मध्ये नांगरहारच्या देह बाला भागात नवरीला घेऊन डोंगरवाटेने वऱ्हाड चालले होते. अफगाण चौकशी समितीने ४७ मृत मोजले, बहुतेक बायका आणि मुले, त्यांत नवरीही. त्या दिवशीही लष्कराचे पहिले उत्तर अतिरेकी मारले असेच होते. २००९ च्या मे महिन्यात फराह प्रांतातल्या ग्रानाई गावावर बी-१ बॉम्बर विमानाने बॉम्ब टाकले. अफगाण सरकारने १४० मृतांच्या नावांची यादी केली आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली. अफगाण मानवाधिकार आयोगाने ९७ पर्यंत नागरिक मोजले. अमेरिकी तपासाने किमान २६ एवढेच मान्य केले. एकाच गावाचे हे तीन आकडे आहेत.

एवढी तफावत का पडते? प्रत्येक वेळी कोणी खोटेच बोलते असे मानायची गरज नाही. वरून घेतलेल्या चित्रणात छपराखाली कोण झोपले आहे ते दिसत नाही, आणि छप्पर कोसळल्यावर ढिगाऱ्याखाली कोण आहे तेही नाही. मृताला शक्यतो त्याच दिवशी माती देण्याची रीत असल्याने तपास पथक पोचेपर्यंत प्रेते दफन झालेली असतात. मग ज्या चित्रणाच्या भरवशावर हल्ला केला, तेच चित्रण पुन्हा पाहून नागरिक मेल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला जातो. पत्रकार अझमत खान आणि आनंद गोपाल यांनी इराकमध्ये याच्या उलट मार्ग धरला. मोसुलच्या परिसरात हल्ले झालेल्या सुमारे दीडशे ठिकाणी ते स्वतः गेले, ढिगारे पाहिले, शेजाऱ्यांशी बोलले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी लिहिले की दर पाच हल्ल्यांमागे एका हल्ल्यात नागरिक मेले होते. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या फौजा मान्य करत होत्या त्याच्या ३१ पटींहून अधिक हे प्रमाण होते. अझमत खान यांनी पुढे पेंटागॉनच्या तेराशेहून अधिक गोपनीय अहवालांचा अभ्यास करून लिहिलेल्या मालिकेचा समावेश असलेल्या कामाला २०२२ चे पुलित्झर मिळाले. मोठ्या लष्कराला जे जमत नव्हते ते दोन पत्रकारांना वही-पेन घेऊन जमले, याचा अर्थ ते अशक्य नव्हते.

हल्ल्यामागची माहिती किती तकलादू असू शकते हे कुंदुझ नदीच्या पात्रात दिसले. ४ सप्टेंबर २००९ च्या रात्री तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर तिथे वाळूत रुतले. फुकटचे इंधन मिळतेय म्हणून गावकरी कॅन घेऊन धावले. जर्मन कर्नल गेओर्ग क्लाइन यांच्याकडे एका खबऱ्याचा निरोप होता की तिथे सगळे अतिरेकीच आहेत. आधी कमी उंचीवरून उडून जमावाला पांगवू का, असे अमेरिकी वैमानिकांनी विचारले. कर्नलनी नकार देऊन बॉम्ब टाकायला लावले. त्या रात्रीनंतर जर्मनीच्या सरसेनापतींना पद सोडावे लागले, तेव्हा संरक्षणमंत्री असलेल्या फ्रान्झ योसेफ युंग यांनाही मंत्रिमंडळ सोडावे लागले. ९१ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच हजार डॉलर देण्यात आले. क्लाइन यांच्यावर खटला चालला नाही. पुढे त्यांना ब्रिगेडियर जनरलपदी बढती मिळाली. दोन मुले गमावलेल्या एका बापाने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत धाव घेतली. जर्मनीने पुरेसा तपास केला होता, असा निकाल न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला.

त्याच भागातल्या कुंदुझ शहरात सहा वर्षांनी आणखी वाईट घडले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे तिथे जखमींवर उपचार करणारे रुग्णालय होते. ईशान्य अफगाणिस्तानात त्या तोडीचे दुसरे नव्हते. लढाई शहरात शिरल्यावर संस्थेने २९ सप्टेंबर २०१५ रोजी इमारतीचे नेमके अक्षांश-रेखांश पुन्हा एकदा लढणाऱ्या पक्षांना कळवले. ३ ऑक्टोबरच्या पहाटे एसी-१३० विमानाने तीच इमारत लक्ष्य केली. आत अतिदक्षता विभाग होता, शस्त्रक्रिया चालू होत्या. हल्ला चालू असताना संस्थेचे लोक फोन करून सांगत होते की हे रुग्णालय आहे. ४२ जण मेले: २४ रुग्ण, चौदा कर्मचारी, चार नातेवाईक. अध्यक्ष बराक ओबामा यांनी माफी मागितली. लष्कराने सोळा जणांवर प्रशासकीय कारवाई केली, फौजदारी खटला एकावरही नाही. मृतांमागे सहा हजार डॉलर, जखमींना तीन हजार.

त्या पैशांतून एखादा कृत्रिम पाय येईलही. पण ज्या डॉक्टरांनी तो बसवायचा ते गेलेले असतात, आणि रुग्णालयच उरत नाही तेव्हा पुढच्या वर्षी अपघातात सापडलेला मुलगा कुठे जाणार? हवाई हल्ल्याच्या किमतीचा हा भाग कुठल्याच निवेदनात येत नाही. वझीर तंगीच्या मजुरांमागे राहिलेल्या घरांचेही तेच. हंगामाच्या मजुरीवर हिवाळा काढणाऱ्या घरातला कमावता माणूस गेला की पुढची सगळी वर्षे बदलतात.

शेवटचा हल्ला बहुतेकांना आठवत असेल. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, अमेरिकी फौजा काबूल सोडत असताना, एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर ड्रोनमधून हेलफायर क्षेपणास्त्र सुटले. गाडीत स्फोटके आहेत असा समज होता. जनरल मार्क मिली यांनी हल्ला योग्यच होता असे सांगितले. प्रत्यक्षात ती गाडी अमेरिकेच्याच एका मदतसंस्थेचा कर्मचारी चालवत होता, तो पाण्याचे कॅन घरी नेत होता. दहा जण मेले, त्यांतली सात मुले. तीन आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी चूक मान्य केली. ही कबुली इतक्या लवकर आली, कारण घटना राजधानीत घडली होती, तिथे जगभरचे पत्रकार होते, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सीसीटीव्हीचे चित्रण मिळवून त्या माणसाचा अख्खा दिवस जुळवला होता. खोग्यानीच्या रानात सीसीटीव्ही नव्हता. डिसेंबरमध्ये पेंटागॉनने जाहीर केले की काबूलच्या हल्ल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांनी नागरिकांची हानी टाळण्याचा सविस्तर आराखडा आणला: स्वतंत्र केंद्र, प्रत्येक मुख्यालयात जबाबदार अधिकारी, बाहेरून आलेल्या माहितीची दखल. वीस वर्षे उशिराने का होईना, ते योग्य पाऊल होते. २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने त्याच व्यवस्थेला कात्री लावायला सुरुवात केली.

भारतासाठी हा दूरचा विषय राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला: पंधरा नौदलाला, प्रत्येकी आठ लष्कराला आणि हवाई दलाला. अमेरिकेने त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजूर केलेल्या विक्रीत १७० हेलफायर क्षेपणास्त्रेही होती. देशाला टेहळणीची आणि संरक्षणाची गरज आहे, याबद्दल वाद नाही. पण या ड्रोनमधून क्षेपणास्त्रे कोणत्या परिस्थितीत डागायची, वस्तीजवळ कोणाच्या सहीने, नागरिक मेल्याची तक्रार आली तर जमिनीवर कोण जाणार आणि त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवला जाणार का, याचे नियम लोकांपुढे यायला हवेत. ताफा पूर्ण दाखल व्हायला अजून काही वर्षे आहेत. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. संरक्षण खात्याच्या अनुदान मागण्यांवरच्या पुढच्या चर्चेत त्यांच्यापैकी कोणीही हे प्रश्न विचारू शकतो.